वाटी म्हणजे किती?

रविवार, ४ फेब्रुवारी

लेखिकाबाई,

थोरल्या भावाने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद द्यायचे असतात. ते दिले असं समज. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आजही लिहिली नसती, पण तुझं पुस्तक घरात आलं. मी विकत आणलेलं नाही. तुझ्या वहिनीने आणलं. ‘थोडक्यात पोटभर: कमी खर्चात घरादाराचं सकस जेवण’. मुखपृष्ठावर तू कढईपुढे हसत उभी आहेस आणि कढई रिकामी आहे.

पेन्सिल घेऊन दोनदा वाचलं. एकशेबारा पानांत एकसष्ट चुका. छपाईच्या धरलेल्या नाहीत, त्या छापणाऱ्याच्या. तुझ्या एकसष्ट. पान चौदा: ‘कडधान्य भिजत घाला.’ किती वेळ? पावटा आणि मूग एकाच घड्याळावर चालतात का? पान तेवीस: ‘मूठभर शेंगदाणे’. कोणाची मूठ? माझी मूठ बासष्ट ग्रॅमची आहे, तुझ्या वहिनीची एकेचाळीसची. पान एकतीस: ‘चवीनुसार मीठ’. हे तर प्रत्येक पानावर आहे. अगं, चव ठाऊक असती तर माणसाने पुस्तक कशाला उघडलं असतं?

आणि सगळ्यात मोठी चूक पहिल्याच पानावर. ‘दर माणशी दिवसाला एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ किंवा कडधान्य, दोन वाट्या चिरलेली भाजी.’ वाटी! बाजारात मी अकरा प्रकारच्या वाट्या मोजल्या आहेत, ऐंशीपासून दोनशे दहा मिलिलीटरपर्यंत. वाटी म्हणजे किती, ते कळव. गोल गोल बोलू नकोस, आकड्यात सांग.

तू म्हणशील, दादाला स्वयंपाकाशी काय देणंघेणं. आहे. नोव्हेंबरपासून मी रांधतो. दुकान आता दिवसाला दोन तास उघडतो. लोकांनी बॅटरीचे वजनकाटे घेतले, ते बिघडले की फेकून देतात, दुरुस्त कोण करून घेतो? वहिनी शिवणाच्या कारखान्यात जाते, सकाळी सातला निघते. मग चूल माझ्याकडे. मला काटा दुरुस्त करायला कोणी शिकवलं नव्हतं, भंगारातला एक काटा चौदाव्या वर्षी उघडला आणि परत जोडला. स्वयंपाकही तसाच शिकलो. कोबीचा दांडा मी टाकत नाही, फ्लॉवरची पानं टाकत नाही, पालकावर लिंबू पिळतो, कडधान्याला मोड आणतो. हे सगळं तुझं पुस्तक यायच्या आधीपासून. भाजीवालीचा काटा मी एकदा तपासला होता, शंभराला सहा ग्रॅम खोटा. तेव्हापासून ती मला आधी निवडू देते. “घ्या बाबा, तुम्ही घ्या आणि निघा,” म्हणते.

तेव्हा तुझ्या पुस्तकाची मला गरज नाही. पण गुंज तापातून उठली आहे, आणि वहिनीचा हट्ट आहे की एका कोणाच्या तरी पद्धतीने नीट चालायचं.

गुंज म्हणजे माझी मुलगी. आठवण करून देतो, कारण नाव तूच ठेवलं होतंस. ‘केवढीशी आहे रे दादा, सोनाराच्या काट्यातलं सगळ्यात लहान वजन.’ आता बारा वर्षांची आहे. एकवीस दिवस ताप होता. आज सकाळी दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभी केली: सत्तावीस किलो चारशे. डॉक्टरीणबाई म्हणते सात एप्रिलपर्यंत एकोणतीस झालं पाहिजे, नाहीतर भरती करून नळीने अन्न घालावं लागेल. ती पोरगी डॉक्टर होऊन तीन वर्षं झाली असतील. तिचाही काटा बॅटरीचा.

वाटीचं कळव.

तुझा थोरला भाऊ


रविवार, १८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. पुस्तक लिहिताना एवढी काटकसर का नाही केलीस?

‘वाटी म्हणजे आईची वाटी. तुला माहीत आहे.’ वा. म्हणजे पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकाने आधी आपल्या आईच्या पोटी जन्म घ्यायचा. मला माहीत आहे ही गोष्ट खरी. पितळेची, तळाशी पोचा, काठ एका बाजूने झिजलेला. चौदाव्या वर्षी पहिलं मोजपात्र मिळालं तेव्हा घरातलं मी सर्वात आधी काय मोजलं असेल, तर ती. एकशेसाठ मिलिलीटर. मी आकडे विसरत नाही.

ती वाटी कुठे आहे हेही विसरलेलो नाही. आईची भांडी मी दोन पारड्यांत घालून वाटली होती, काटा मधोमध उभा राहीपर्यंत. तुला फक्त वाटी हवी होती, बाकी काही नको म्हणालीस. असं चालत नाही. वाटीच्या बदल्यात माझ्याकडे पळी घेतली, दोन्हीचं वजन सारखं होतं, तिथे सगळे साक्षीला होते. त्यावर तू काय म्हणालीस? ‘दादा, तू आईला तोलून वाटून घेतलंस.’ आणि चपला घालून गेलीस. सारखी वाटणी केल्याबद्दल शिव्या खाणारा जगात मी एकटाच असेन.

असो. आता मी पत्र्याचं माप बनवलं आहे, बरोबर एकशेसाठचं. भरायचं आणि वरून लोखंडी पट्टी फिरवायची. सपाट. शिगेला माझ्या घरात जागा नाही. तुला आठवत असेल, नसेल तर सांगतो: धान्याचे व्यापारी घेताना माप शिगोशीग घेतात, वर डोंगर उभा राहीपर्यंत, आणि देताना सपाट देतात. मधला डोंगर त्यांचा. त्या डोंगरावर पट्टी फिरवण्यात माझी तीस वर्षं गेली.

वहिनी म्हणते, “अहो, हे घर आहे की प्रयोगशाळा?”

मी म्हटलं, “प्रयोगशाळेत माणसं बरी होतात.”

“पोरगी आहे ती, पोतं नाही.”

काल वहिनीने स्वतःच्या ताटातली डाळ गुंजच्या ताटात ढकलली. मी परत जागेवर ठेवायला लावली. ताटातून ताटात गेलं की हिशोब कोणाचा, कशाचा राहणार? गुंजने विचारलं, “बाबा, अजून आहे?” मी सांगितलं, जे आहे ते मापात आहे. ती शहाणी आहे, पुन्हा विचारलं नाही.

आणि परिणाम ऐक. आज सकाळी: सत्तावीस सहाशे. दोनशे ग्रॅम वर. काटा बघून मी हसलो म्हणे. मला आठवत नाही, पण गुंज सांगत होती.

कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंस, ‘तीन महिने तिला माझ्याकडे पाठव.’ वाचलं. कोपऱ्यात लिहिलं म्हणून दिसणार नाही असं थोडंच आहे. तुझ्याकडे पाठवू म्हणजे काय? कढईपुढे उभी राहून फोटो काढायला? गुंजला मी स्पष्ट सांगितलं आहे, वजन वाढलं नाही तर आत्याकडे जावं लागेल आणि आत्या जिंकेल. घाबरवलं म्हणू नकोस. माहिती दिली.

तुझा थोरला भाऊ


रविवार, १७ मार्च

धाकटे,

मधे लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं फक्त यश होतं, आणि ते पुरेसं साचल्यावर कळवावं म्हटलं. तीन मार्चला सत्तावीस सातशे. आज अठ्ठावीस. काटेकोर अठ्ठावीस. तीन आठवडे हातात आहेत आणि एक किलो बाकी. तेव्हा तुझी ती पाठवणीची भाषा आता बंद कर.

तुझ्या पुस्तकातलं काय उपयोगी पडलं ते सांगतो, मी अन्याय करत नाही. पान बावन्न, भाजी उकडलेलं पाणी डाळीत घालायचं, ठीक आहे. पान साठ, अंडं स्वस्त असेल त्या दिवशी मांसाचा विचार करू नये, हे कोणालाही कळतं पण लिहिलंस ते बरं. पान एकाहत्तर, ‘मुलांना आग्रह करून वाढा’, हे मी खोडलं. आग्रह हे एकक नाही.

आता तू म्हणशील, दादा, काटा तरी नीट आहे ना? म्हणूनच आधीच सांगून ठेवतो. काटा दर शनिवारी तपासतो. गुंज अंगातला लोकरी स्वेटर काढत नाही, थंडी वाजते म्हणते, तापाने अंगात ऊब राहिलेली नाही. ठीक आहे. स्वेटर मी वेगळा तोलला आहे, तीनशे दहा ग्रॅम. तेवढे दर वेळी वजा करतो. दुसऱ्या कोणा बापाला हे सुचलं असतं का ते मला सांग.

दुकानाचं विचारशील तर वाईट आहे. प्रमाण वजनांच्या पेटीतून आधी दोनशेचं एक गेलं, मग दुसरं गेलं, आणि आज पाहतो तर पाचशेचंही नाही. शिक्क्याची पितळी वजनं. समोरचा भंगारवाला सकाळी दारात येऊन उभा राहतो, ‘काय मालक, विकायचं का दुकान?’ म्हणतो. मी त्याला तोंडावर सांगितलं, हात चालवायचे तर स्वतःच्या खिशात चालव. तो म्हणाला, “मालक, मला वजनं न्यायची असती तर किलोचं नेलं असतं. पाचशेचं कोण नेतो, ते काय भाजी विकायची आहे?” निर्लज्ज आहे. पण बोलण्यात तथ्य आहे, आणि तेच मला खटकतंय.

गुंज थोडी गप्प असते. पायऱ्या चढताना मधे थांबते. वजन वाढलं की दम लागतोच.

परवा डॉक्टरीणबाईकडे मधली तपासणी आहे. तिने नळीची भाषा केली होती, तिलाही उत्तर मिळेल.

तुझा थोरला भाऊ


रविवार, २४ मार्च

धाकटे,

हे लिहायला चार दिवस लागले. सरळ लिहितो.

तपासणी मंगळवारची बुधवारवर गेली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाली, “स्वेटर काढ बाळ, चपला काढ.” गुंजने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, थंडीसाठी. मी म्हटलं, “काढ, एक मिनिटाचं काम.” तिने स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला, अलगद, दोन्ही हातांनी. काट्यावर उभी राहिली. आकडा आला सत्तावीस पॉइंट एक.

मी हसलो. डॉक्टरीणबाईला म्हटलं, “बॅटरी उतरली तुमची.”

“काका, मागच्याच आठवड्यात नवीन घातली.”

“मग कारखान्यातूनच बिघडून आला असेल. नऊशे ग्रॅम खातोय. अशा काट्यावर तुम्ही लोकांच्या मुलांना नळ्या घालता?”

बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावायला लागली. मी आणखी बोललो. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शिकलेल्या लोकांना आकडा वाचता येतो, तोलता येत नाही, असं काहीतरी. मग मी माझी पेटी उघडली. ती नेहमी बरोबर असते. आतले तीन खड्डे रिकामे, पण किलोचं वजन होतं. ते तिच्या काट्यावर ठेवलं.

एक पॉइंट शून्य.

उचलून पुन्हा ठेवलं. एक पॉइंट शून्य. कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. चारही कोपरे खरे. बॅटरीचा काटा, दीड बोट जाडीचा, आत दुरुस्त करण्यासारखं काही नाही, आणि तो खरा होता.

 डॉक्टरीणबाईने मला बोल लावायला हवा होता, सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “गुंज, स्वेटर घाल, गारठशील.” गुंज जागची हलेना. म्हणून मी खुर्चीवरून उचलला.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की हाताला वजन कळत नाही. अंदाज हा आळशी माणसाचा काटा आहे, हे माझं वाक्य तुला पाठ असेल. धाकटे, मी तो स्वेटर उचलला आणि हाताला कळलं. बाराशे दहा. पाच ग्रॅम इकडे तिकडे नाही.

खिशात हात घातला नाही. स्वेटर तसाच तिच्या अंगात चढवला आणि घरी आलो. दवाखान्यात तोलताना ती काट्याच्या आकड्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

घरी येऊन तिने तिन्ही वजनं ओट्यावर मांडली. मोठं, मग लहान, मग लहान. पेटीत असतात त्याच क्रमाने.

मी म्हटलं, “का?”

“पहिल्या वेळी दोनशे घातले तेव्हा तुम्ही हसलात, बाबा. ताप आल्यापासून हसला नव्हता.”

“आणि मग?”

“मग कमी कसं करणार? तुम्हाला कळलं असतं.”

“भूक लागत नाही का तुला? सांगायचं ना.”

“लागते. पण तुम्ही म्हणता, आहे ते मापात आहे. मला मापाबाहेरची लागते.”

वहिनी दारात उभी होती. कामावरून नुकतीच आलेली, हातात पिशवी. तिने पिशवी खाली ठेवली. पातेल्यातला उरलेला भात काढला, उरलेला कुठला, उद्यासाठी मोजून ठेवलेला, आणि सगळा पोरीला वाढला. मी पट्टी उचलली नाही. गुंजने खाल्ला. मधे थांबून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली.

पण माझं गणित कुठे चुकलं ते मला कळत नाही. वाटी एकशेसाठची. माणशी पाऊण वाटी डाळ, एक वाटी तांदूळ, तू लिहिलंस तसं, एक दाणा कमी नाही. तुझ्या घरातली पोरं याच मापावर लठ्ठ झाली असं तू प्रस्तावनेत छापलं आहेस. मग माझी का सुकली? तू खोटं छापलं असशील तर तसं लिही. मला राग येणार नाही. उलट बरं वाटेल.

भंगारवाल्याकडे जाऊन आलो. “चूक झाली,” म्हटलं. तो म्हणाला, “मालक, हे पितळेवर कोरून द्या.” मी तुला आधीच सांगितलं आहे की तो निर्लज्ज आहे.

तुझा भाऊ


रविवार, ७ एप्रिल

धाकटे,

पार्सल मिळालं. बांधणी भिकार, सुतळीला तीन गाठी जिथे एक पुरली असती. वाटी शाबूत आली हे टपाल खात्याचं नशीब.

सोबतची चिठ्ठी वाचली. ‘दादा, आईने ही वाटी सपाट भरलेली तू कधी पाहिलीस?’

चिठ्ठी बाजूला ठेवून मी आधी वाटी पाण्याने मोजली. एकशेबासष्ट भरली. म्हणजे तेव्हा मी दोन मिलिलीटर चुकलो होतो. ही एक चूक मान्य. मग ती डाळीच्या डब्यात बुडवून वर काढली, आई काढायची तशी, मनगट जरा वळवून. पट्टी हातात होती. फिरवली नाही. वर डोंगर उभा राहिला, तुझ्या त्या झिजलेल्या काठावरून दोन दाणे घरंगळले आणि बाकीचे टिकले. तोललं: एकशेऐंशी ग्रॅम. मग सपाट केलं: एकशेतीस.

पन्नास ग्रॅम. प्रत्येक वाटीला. तांदळाला, डाळीला. किती दिवस, त्याचा गुणाकार कागदावर सुरू केला होता. पुरा केला नाही. आयुष्यात पहिलंच गणित अर्धवट सोडलं.

मग एक आठवलं, जे मी विसरलो नव्हतो, नुसतं कधी काढलं नव्हतं. चौदाव्या वर्षी मी घरी पट्टी आणली आणि आईच्या भरलेल्या वाटीवरून फिरवली. दाणे परत डब्यात पडले. मी म्हटलं, आई, हे खरं माप. ती हसायला लागली. म्हणाली, “तुझं माप तुझ्या दुकानात ठेव रे. इथे पोरं जेवतात.” शेजारणीकडून पीठ उसनं घ्यायची ते सपाट आणि परत करायची ते शिगोशीग. मी तेव्हाही म्हणालो होतो की यात आपलं नुकसान आहे. व्यापाऱ्यांची शीग मोडता मोडता मी तिचीही मोडली. उलट्या बाजूची होती ती, एवढं मला तीस वर्षांत दिसलं नाही.

पण तुझी सुटका नाही. तू लिहायला हवं होतंस. पहिल्या पानावर, ‘वाटी’ या शब्दाच्या आधी, ‘शिगोशीग’ हा एक शब्द. चार अक्षरं. तुला वाटलं सगळ्यांनाच ठाऊक असतं. ज्याला ठाऊक नाही अशा माणसासाठीच पुस्तक असतं, लेखिकाबाई. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर. एकसष्ट चुकांतल्या साठ मी मागे घेतो, हे तेवढं कर.

आज तपासणी होती. स्वेटर घरीच ठेवला. अठ्ठावीस पॉइंट दोन. एकोणतीस नाही. मी डॉक्टरीणबाईच्या आधीच बोललो, “आठशे कमी आहे.” ती म्हणाली, “काका, अठरा दिवसांत अकराशे वाढलंय. भरती कशाला? जे काय खायला घातलंत तेच घालत रहा.” मी म्हटलं, “तेच. वाटीत.” तिने लिहून घ्यायला पेन उचललं आणि विचारलं, “वाटी म्हणजे किती?”

तिला पुस्तक घ्यायला सांगितलं. तुझा खप वाढवला याची नोंद असू दे.

गुंज पायऱ्या न थांबता चढली. वरून ओरडून विचारते, आत्या येणार आहे का? मी म्हटलं, तिला पुस्तकांतून सवड मिळाली तर. सुट्टीत येऊन जा. स्वयंपाक मी करीन, तू कढईपुढे उभी राहू नकोस.

वाटी इथेच ठेवून घेतो, पोरगी बरी होईपर्यंत. बदल्यात पळी पाठवतो आहे. तोलली नाही. टपाल कचेरीत तोलतील, तो आकडा धरू नकोस, त्यांचा काटा मी पाहिला आहे.

दादा